‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार

अर्वाचीन नीतिविचारात संमती या शब्दाला आज जे स्थान आहे, ते एके काळी पुण्य या शब्दाला होते असे म्हटले तरी चालेल. एखादे कृत्य योग्य की अयोग्य हे ठरविताना ते शास्त्रविहित आहे की नाही, असे आता कोणी विचारीत नाही. ज्याच्यावर ते घडते त्याची संमती होती की नव्हती, एवढेच विचारतात, आणि होती असे उत्तर आले की चौकशी बहुधा तेथेच आटोपते. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने एकमेकांची नाके फोडावयास उभी राहिली, तर तिसऱ्याने मध्ये पडण्याचे कारण काय, या प्रश्नापुढे भलेभले निरुत्तर होतात. त्या प्रश्नाचा निकाल लावावा हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. मला विचारावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. संमती दिली हे खरे. पण दिलेली संमती मध्येच परत घेता येते काय? आणि येत असेल, तर ती परत घेताना उच्चारलेला शब्द ऐकण्याचे कर्तव्य कोणाचे?

हा प्रश्न ग्रंथांतही आहे. पण माझ्यापुढे तो उभा राहिला तो ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’, संक्षेपाने यूएफसी, या अमेरिकन कंपनीने 2020 या एका सालात भरविलेल्या झुंजींमुळे. विषय कित्येकांस ग्राम्य वाटेल. घरातील मुलगे ज्या झुंजी मोबाइलवर पाहतात आणि वडील माणसे चष्म्यावरून एक दृष्टी टाकून नाक मुरडतात, त्यांना मासिकाची पाने कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु नीतीचे प्रश्न सभ्य ठिकाणीच उपस्थित होतात असा काही नियम नाही, आणि झाले तरी तेथे ते इतक्या मोठ्याने ऐकू येत नाहीत.

ज्यांना या प्रकाराचा परिचय नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. मुष्टियुद्ध, कुस्ती, ब्राझीलमध्ये वाढलेले जुजुत्सू, थायलंडातील लाथाबुक्क्यांची पद्धत, या साऱ्यांचे मिश्रण म्हणजे ही मिश्र युद्धकला. आठ बाजूंच्या जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात. पाच मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्या. अजिंक्यपदाची किंवा त्या रात्रीची मुख्य झुंज असेल तर पाच. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती. या मिनिटात मल्ल आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, कोणी त्याला पाणी पाजतो, कोणी सुजलेल्या भागावर थंड लोखंड दाबतो, आणि वस्ताद त्याच्यासमोर गुडघे टेकून बोलत असतो. बाकीचा सारा गदारोळ सोडून द्यावा आणि या एका मिनिटाकडेच पाहावे, अशी वाचकांस विनंती आहे.

यूएफसीची पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 रोजी कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरी झाली. गुण मोजणारे परीक्षक नव्हते. चावू नये आणि डोळ्यांत बोटे घालू नयेत, यापलीकडे निर्बंध जवळजवळ नव्हतेच. आणि जी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची, ती ही की, झुंज थांबविण्याचा अधिकार नियमाने पंचास दिलेला नव्हता. मल्लाने हार मानावी, तो निपचित पडावा, किंवा त्याच्या माणसांनी टॉवेल फेकावा, असे तीनच शेवट शक्य होते. पहिल्याच झुंजीत तैला तुली या सूमो मल्लाचा दात प्रतिपक्ष्याच्या लाथेने उडाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ती झुंज संपली. पुढे 1994 मध्ये, जॉन मॅकार्थी या पंचाने कोपऱ्यातील माणसे टॉवेल फेकावयास तयार होत नाहीत हे डोळ्यांनी पाहिल्यावर, तिसऱ्या स्पर्धेपासून पंचास तो अधिकार मिळाला. कोपऱ्यावर विसंबून चालत नाही हा धडा या खेळाने इतक्या आरंभी घेतला होता. जॉन मॅकेन या सिनेटराने या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज ठरवून त्याच्याविरुद्ध मोहीम चालविली, कित्येक राज्यांनी बंदी घातली. मग 2000 च्या सुमारास न्यूजर्सीत एकरूप नियम तयार झाले. 2001 मध्ये ही कंपनी वीस लक्ष डॉलरांस विकली गेली आणि 2016 मध्ये सुमारे चारशे कोटींस. कोंबडझुंजीची किंमत इतकी वाढल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

या खेळात एक खूण आहे, तिच्याविषयी मला प्रथमपासून आदर वाटत आला आहे. मान आवळली गेली किंवा सांधा उलटा वळू लागला की मल्ल प्रतिपक्ष्याच्या अंगावर वा जमिनीवर हाताने दोनतीन वेळा थापटतो. तोंडाने सांगितले तरी चालते. त्या थापटीसरशी सारे थांबावयाचे. आपल्या मातीतल्या कुस्तीत पराभव ठरविते ती माती. पाठ टेकली, चितपट झाली, संपले. हरणाऱ्याचे मत कोणी विचारीत नाही. मुष्टियुद्धात पंच दहा आकडे मोजतो. येथे मात्र पराभूत माणूस आपल्या पराभवाचा कर्ता स्वतःच होतो. ‘मी येथवर आलो, यापुढे येणार नाही’ हे तो आपल्या हाताने सांगतो, आणि क्षणापूर्वी त्याचा हात मोडू पाहणारा प्रतिपक्षी ते तत्काळ मानतो. शरण आलेल्यावर शस्त्र चालवू नये हा आपल्या धर्मयुद्धाचा जुना नियम. तो असा दर शनिवारी पाळला जाताना पाहावयास मिळावा, हे या पिंजऱ्याच्या वतीने सांगण्यासारखे आहे.

प्राचीन ग्रीकांच्या पँक्रेशन या खेळातही हीच मोकळीक होती. बोट किंवा हात वर केला की हार. आणि म्हणूनच, प्लूटार्क सांगतो त्याप्रमाणे, ज्यात हात वर करावा लागतो असे खेळ स्पार्टाच्या नागरिकांस वर्ज्य होते. स्पार्टाच्या माणसाने ‘पुरे’ म्हणावयाचे नसते. तेव्हा जेथे ते म्हणण्याची सोय आहे तेथे त्याने जाऊच नये! यात स्पार्टाचा अभिमान दिसतो तसाच प्रामाणिकपणाही दिसतो. शरण जाण्याची मोकळीक कागदावर ठेवावयाची आणि ती वापरणाऱ्याची छीथू करावयाची, हा आजचा दुटप्पीपणा त्यांनी केला नाही.

आता 2020 सालाकडे वळू. वर्षाचा आरंभ नेहमीच्याच थाटाने झाला. जानेवारीत लास व्हेगास येथे कॉनर मॅकग्रेगरने डोनाल्ड सेरोनीला चाळीस सेकंदांत लोळविले. मार्चच्या 7 तारखेस त्याच शहरी चीनची झांग वेइली आणि पोलंडची योआना येंद्रझेचिक या दोघी पाच फेऱ्या अशा लढल्या की, अखेरीस योआनाचे कपाळ सुजून तिचा चेहरा ओळखू येईना. तीन परीक्षकांचे मतैक्य न होता झांग विजयी ठरली. प्रेक्षागृह भरलेले होते आणि गर्जनेने सारे बुडून गेले होते. पुढच्याच आठवड्यात, 14 मार्चला, ब्राझिलिया येथे महामारीमुळे प्रेक्षकांवाचून झुंजी झाल्या. नंतर काही आठवडे सारे बंद. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील आदिवासी जमातीच्या जागेवर झुंजी भरविण्याचा बेत झाला आणि दूरचित्रवाणीच्या मालकांनी तो मागे घ्यावयास लावला. आणि 9 मे रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे रिकाम्या प्रेक्षागृहात पुन्हा प्रारंभ झाला. त्या आधीच रोनाल्डो सोझा हा मल्ल व त्याचे दोन साथीदार रोगग्रस्त आढळल्याने त्याची झुंज रद्द झाली होती. जगात प्रेतयात्रांवर निर्बंध असता झुंजी कशाला, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी केला आणि तो रास्तच होता. पण तो आजचा विषय नव्हे. मेअखेर लास व्हेगासमधील कंपनीच्या स्वतःच्या लहानशा वास्तूत, आणि जुलैपासून मधूनमधून अबू धाबीच्या यास बेटावर, अशा त्या वर्षी सर्व मिळून सुमारे चाळीस रात्री झुंजी झाल्या. त्यांतील बहुतेक रिकाम्या खुर्च्यांपुढे.

रिकाम्या खुर्च्यांमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. झुंज ऐकू येऊ लागली. ठोसा बरगडीवर बसला की निराळा आवाज, गालावर बसला की निराळा. नाकातून निघणारा श्वास, जाळीवर आपटलेली पाठ. जॅक्सनव्हिलच्या पहिल्या रात्री डॅनियल कॉर्मियर हा माजी विजेता धावते वर्णन करीत होता. मांडीवर बसणारी लाथ कशी अडवावी हे तो श्रोत्यांस समजावून सांगत असता पिंजऱ्यातील ग्रेग हार्डीने ते ऐकले, तसे केले, आणि जिंकल्यावर त्याचे आभारही मानले. येथवर गंमत होती. परंतु ज्या शांततेत लाथ अडविण्याचा सल्ला ऐकू येतो, त्याच शांततेत आणखीही काही ऐकू येणार होते.

चारच दिवसांनी, 13 मे रोजी, त्याच ठिकाणी अँथनी स्मिथ आणि ग्लोव्हर तेशेरा यांची पाच फेऱ्यांची झुंज झाली. चौथ्या फेरीत स्मिथने आपला पडलेला दात मार खाता खाता पंचाच्या हाती दिला. डेन्व्हरच्या पहिल्या दाताने झुंज संपली होती. सत्तावीस वर्षांनी या दाताने संपली नाही. फेरी संपल्यावर स्टुलावर बसून आपले दात गळून पडत आहेत असे तो म्हणाला. कोपऱ्याने त्याला पाचव्या फेरीसाठी उठविले. मिनिटाभराने पंचाने झुंज थांबविली, तेव्हा त्याचे नाक व डोळ्याभोवतीचे हाड मोडलेले होते. लोकांनी कोपऱ्यावर टीकेची झोड उठविली. पण खुद्द स्मिथने नंतर आपल्या वस्तादाचीच बाजू घेतली. आणि त्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचे कारण नाही. आदल्या वर्षी, मार्च 2019 मध्ये, जॉन जोन्सने त्याला नियमबाह्य गुडघा मारला असता, ‘मला पुढे लढवत नाही’ एवढे शब्द उच्चारून तो कदाचित अजिंक्यपद घेऊन घरी जाऊ शकला असता. त्याने ते शब्द उच्चारले नाहीत; तो लढला आणि हरला. अशा माणसाची जात वेगळी असते. तो ‘पुरे’ म्हणणारच नाही, आणि म्हणून त्याच्या वतीने ते दुसऱ्या कोणी तरी म्हटले पाहिजे. हे अवघड असले तरी समजण्यासारखे आहे.

जे समजण्यास कठीण, ते 20 जूनला घडले. मॅक्स रोहस्कॉफ हा तरुण, तोवर पाचांपैकी पाच झुंजी जिंकलेला, अवघ्या काही दिवसांच्या सूचनेवर ऑस्टिन हबर्डविरुद्ध उभा राहिला. यूएफसीतील त्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या फेरीत तो बरा लढला. दुसऱ्या फेरीत त्याचा दम संपला. ती फेरी संपली, तो स्टुलावर बसला, आणि आपल्या वस्तादाला, रॉबर्ट ड्रायस्डेल यांना, थांबवा म्हणाला. वस्तादांनी ऐकले नाही. तू विजेता आहेस, उठ, अशा आशयाचे ते बोलत राहिले. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा नकार. असे एकदोनदा नव्हे, पुनःपुन्हा झाले. तो ओरडत नव्हता, रडत नव्हता. थकलेला माणूस दुकानदाराला ‘नको, मला हे नको’ असे सांगतो तितक्याच साध्या सुरात तो सांगत होता. अखेर अधिकाऱ्यांच्या कानी ते गेले आणि झुंज थांबली. काही दिवसांतच कंपनीने त्याचा करार संपविला.

ड्रायस्डेल हे जुजुत्सूचे नामांकित खेळाडू आणि शिक्षक. त्यांनी आपल्या वर्तनाचे जाहीर समर्थन केले. ते समर्थन हसण्यावारी नेण्याजोगे नाही. शिष्याच्या मनात क्षणिक दौर्बल्य आले असता त्याला त्यातून बाहेर काढणे, हे गुरूचे कामच नव्हे काय? दिनांक 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीच येथे तरुण कॅशियस क्ले सनी लिस्टनविरुद्ध लढत असता चौथ्या फेरीनंतर त्याचे डोळे आगीसारखे जळू लागले, काही दिसेना, आणि ‘माझे हातमोजे कापून टाका’ असे तो आपल्या वस्तादाला सांगू लागला. अँजेलो डंडी यांनी मोजे कापले नाहीत. डोळे धुतले आणि त्याला रिंगणात ढकलले. दोन फेऱ्यांनी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही आणि क्ले, जो पुढे महंमद अली झाला, जगज्जेता ठरला. डंडी यांनी त्या रात्री शिष्याचे ऐकले असते तर? हे उदाहरण पाठीशी घेऊन आजवर किती वस्तादांनी किती थकलेल्या पोरांस स्टुलावरून उठविले असेल, आणि त्यांतले जगज्जेते किती निघाले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्यांचे डोळे कायमचे गेले त्यांच्या वस्तादांची नावे दंतकथांत राहत नाहीत.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. 1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिला येथे अली आणि जो फ्रेझियर चौदा फेऱ्या लढले. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते, तरी तो पंधराव्या फेरीसाठी हट्ट धरून बसला होता. एडी फच या त्याच्या वृद्ध वस्तादाने त्याला उठू दिले नाही. फ्रेझियर पराभूत झाला. डंडीने शिष्याच्या नकाराला झुगारले, फचने शिष्याच्या होकाराला. दोघेही आपापल्या शिष्याच्या इच्छेविरुद्ध वागले. मग आपण दोघांना सारखे का मानू नये?

माझ्या मते याचे उत्तर असे आहे की, होकार आणि नकार ही तराजूची दोन समान पारडी नव्हेत. डोक्यावर मार खाल्लेला माणूस आपल्या स्थितीचा विश्वासू साक्षीदार राहत नाही. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणारा परिणाम हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्याने 1928 इतक्या पूर्वी वर्णिला आहे. तेव्हा अशा माणसाने ‘मी ठीक आहे, लढतो’ असे म्हटले तर ते संशयास्पद. कोणी म्हणेल, मग त्याचे ‘थांबवा’ हेही तितकेच संशयास्पद नव्हे काय? नव्हे. कारण पहिल्या उद्गारावर विसंबून चूक झाली तर ती डोळ्याची, मेंदूची, प्रसंगी जिवाची असते; दुसऱ्यावर विसंबून झाली तर एका झुंजीची. शिवाय झुंजीला उभे राहण्यासाठी जो अधिकार त्याने वापरला तो त्याचाच होता. तो अधिकार पहिल्या घंटेला खर्ची पडला आणि नंतर वस्तादाच्या ताब्यात गेला असे मानावयाचे, तर त्याने दिली ती संमती नव्हे, दास्यपत्र होय. जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 मधील आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधात, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य कोणास असू शकत नाही असे म्हटले आहे, ते याच कारणाने. परत घेता येत नाही अशी संमती दिली त्याच क्षणी देणाऱ्याच्या हातून कायमची निसटते.

मग गुरूने काहीच बोलू नये काय? बोलावे. ‘नीट विचार करून सांग’ असे एकदा म्हणावे. शिष्याला एकदा सावरून पाहणे हा गुरूचा धर्मच आहे, आणि क्लेचा उद्गार त्या एकदाच्या मर्यादेत बसतो असे मानावयास जागा आहे. त्याची चीड डोळ्यांत गेलेल्या कसल्याशा द्रव्यावर होती, लढण्यावर नव्हती. पण तोच शब्द दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला की तो दौर्बल्याचा उद्गार राहत नाही. तो निर्णय असतो. त्यानंतरचे प्रोत्साहन कितीही प्रेमाचे असो, ते दुसऱ्याच्या देहावर आपले नाव लिहिण्यासारखे आहे.

कोपऱ्यातील आवाज ही गोष्ट तशी फार पुरातन. ख्रिस्तपूर्व 564 मध्ये ऑलिम्पियाच्या पँक्रेशनमध्ये फिगालियाचा अरिकियॉन दोनदा जिंकून तिसऱ्यांदा लढत होता. प्रतिपक्ष्याने त्याचा गळा आवळला. तो हात वर करण्याच्या बेतात असता एरिक्सियस नावाच्या त्याच्या गुरूने ओरडून सांगितले की, ऑलिम्पियात हार न मानता मेला हे मरणोत्तर नाव केवढे थोर, असे फिलोस्ट्रेटस लिहितो. अरिकियॉनने हात वर केला नाही. प्रतिपक्ष्याचा पाय मुरगळला, त्या वेदनेने प्रतिपक्ष्याने हार मानली, आणि त्याच क्षणी अरिकियॉनचा प्राण गेला. पर्णमुकुट प्रेताच्या मस्तकी ठेवण्यात आला. ही कथा अडीच हजार वर्षे कौतुकाने सांगितली जात आहे. कौतुक अरिकियॉनचे असो. एरिक्सियसला दुसऱ्या दिवशी झोप लागली की नाही, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

आपल्याकडेही असा एक आवाज आहे, आणि तो साक्षात श्रीकृष्णाचा. भीम व जरासंध यांच्या बाहुयुद्धात काडी चिरून दोन बाजूंस फेकण्याची खूण लोकांस ठाऊक आहे. परंतु सभापर्वात त्याआधी एक सूक्ष्म प्रसंग येतो. अनेक दिवसांच्या युद्धाने जरासंध थकला. तेव्हा कृष्ण भीमाला म्हणतो की, थकलेल्या शत्रूला पीडा देऊ नये, दिल्यास तो प्राणांसही मुकेल. तेव्हा त्याच्याशी त्याच्या शक्तीच्या बेतानेच लढ. शब्द सारे दयेचे. आणि ते ऐकून भीमाने काय केले, तर जरासंध आता मारण्याजोगा झाला हे ओळखून त्याचा वध करण्याचा निश्चय केला! व्यासांच्या या एका जागेवर मी अनेकदा थांबलो आहे. नियम उच्चारूनच नियमाचा भंग सुचविता येतो, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. ‘तू विजेता आहेस’ हे वाक्यही तसेच आहे. कानाला ते गौरवाचे लागते, आणि त्याचा अर्थ मात्र ‘तुला उठण्यावाचून गत्यंतर नाही’ असा असतो.

स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ‘पुरे’ निघू नये म्हणून वस्तादाखेरीज आणखीही एक हात त्याच्या तोंडावर असतो, आणि तो पैशाचा. नवोदिताच्या करारात उपस्थितीचे जितके, विजयाचे तितकेच आणखी, अशी रीत असते. हरला की निम्मे गेले. हे मल्ल कंपनीचे नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार म्हणविले जातात. नोकराला मिळणारे संरक्षण त्यांस नाही, आणि दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचे कंत्राटदाराचे स्वातंत्र्य करारांनी बरेचसे बांधून टाकलेले. यावरून माजी मल्लांनी 2014 मध्ये दावा लावला. डिसेंबर 2020 मध्ये न्यायाधीशांनी तो साऱ्या मल्लसमूहाचा दावा म्हणून चालविण्याचा मनोदय प्रकट केला, आणि 2025 मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरांच्या तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली. राजीखुशी या शब्दात राजी किती आणि खुशी किती, याचा थोडासा अंदाज या आकड्यावरून यावा. आणि आपण पाहणारे? रोहस्कॉफ उठला नाही तेव्हा त्याला भ्याड म्हणणारे जे सहस्रावधी लोक होते, ते कोणी वस्ताद नव्हते, मालकही नव्हते. ते आरामखुर्चीत बसलेले होते.

त्याच वर्षी आणखी एकाने ‘पुरे’ म्हटले. आणि ते कोणीही भ्याडपणाचे ठरविले नाही. दागिस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह कधीच हरलेला नव्हता. त्याचे वडील अब्दुलमनाप हेच लहानपणापासून त्याचे वस्ताद. ते 3 जुलै 2020 रोजी महामारीच्या रोगाने उत्पन्न झालेल्या विकारांत वारले. 24 ऑक्टोबरला अबू धाबी येथे खबीब जस्टिन गेथजीविरुद्ध उभा राहिला; मे महिन्यात जॅक्सनव्हिलला टोनी फर्ग्युसनला हरवून आलेला तोच हा गेथजी. दुसऱ्या फेरीत खबीबने त्याची मान पायांच्या कैचीत धरली. गेथजीने थापटले, परंतु पंचाने सोडवीपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती. म्हणजे त्या उत्तम खुणेलाही ऐकणारा कान वेळेवर हवाच. हात उलटा वळवून मोडण्याचा डाव हाती असता, गेथजीचे आईबाप समोर बसले आहेत म्हणून खबीबने तो टाळून मानेची पकड घेतली, असे कॉर्मियरने नंतर सांगितले. गेथजी शुद्धीवर आला. खबीबने आपले हातमोजे काढून जमिनीवर ठेवले आणि, वडिलांवाचून लढणार नाही असे आईला वचन दिले आहे, ही शेवटची झुंज, असे सांगितले. एकोणतीस झुंजी, एकोणतीस विजय.

एवढ्या स्पष्ट शब्दांत, साऱ्या जगासमोर, विजयाच्या शिखरावरून आणि मातेच्या नावाने सांगितलेला हा निर्णय तरी लगेच ऐकला गेला असेल असे वाटते. तसे झाले नाही. कंपनीचे अध्यक्ष डेना व्हाइट त्याने पुन्हा लढावे म्हणून महिनोन्‌महिने त्याच्या मागे होते. अजिंक्यपद त्याच्याच नावे ठेवण्यात आले होते. मार्च 2021 मध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांनी, तो खरोखरच निवृत्त झाला असे त्यांनी मान्य केले.

प्रेक्षागृह अमेरिकेत पुन्हा पूर्ण भरले ते 24 एप्रिल 2021 रोजी, त्याच जॅक्सनव्हिलच्या वास्तूत. पंधरा हजारांवर माणसे होती. क्रिस वाइडमनने झुंजीच्या आरंभीच एक लाथ मारली. ती प्रतिपक्ष्याच्या पायावर आपटून त्याचीच नळी मोडली आणि मागे पाऊल टाकताच पाय दुमडला. पंच तत्क्षणी मध्ये पडला. कोणाला काही विचारण्याची वेळच आली नाही. पुढच्या झुंजी ठरल्याप्रमाणे झाल्या. कोपऱ्यांतले मायक्रोफोन पूर्वीप्रमाणेच चालू होते; पण फेऱ्यांच्या मधल्या त्या मिनिटात आता पुन्हा संगीत होते, जाहिराती होत्या, आणि पंधरा हजार कंठ होते.